नाकातल्या गाठीचं नेमकं नाव ठरत नाहीये, उपचार थांबवून ठेवावेत का?

माझ्या दादाबद्दल विचारायचं आहे. वय ४६. पाच महिन्यांपूर्वी उजवी नाकपुडी चोंदायला लागली. अ‍ॅलर्जी म्हणून, मग सायनस म्हणून औषधं झाली. एकाच बाजूचं नाक चोंदतंय आणि रुमालाला रक्त लागतंय, हे आम्ही घरच्यांनीही मनावर घेतलं नाही. त्याचं आता फार वाईट वाटतं. उजवा डोळा पुढे आला, एकाचे दोन दिसायला लागले, तेव्हा कुठे सीटी स्कॅन झाला. दोन्ही डोळ्यांच्या मधल्या सायनसमध्ये गाठ आहे आणि डोळ्याच्या खोबणीचं पातळ हाड तिनं खाल्लंय. कपाळाच्या सायनसमध्ये मात्र नुसता स्राव तुंबलाय, गाठ नाही, हे एमआरआयमध्ये कळलं.

खरा घोळ बायोप्सीचा आहे. पेशी कुठल्या प्रकारच्या आहेत ते ओळखायच्या खुणांपैकी (मार्कर) सायटोकेरॅटिन पॉझिटिव्ह, मज्जापेशींसारख्या पेशींत सापडणारं सिनॅप्टोफायसिन जेमतेम काही पेशींत, एस-१०० आणि लिम्फोमाचे (लसिका पेशींच्या कॅन्सरचे) मार्कर निगेटिव्ह. एक पॅथॉलॉजिस्ट एसएनयूसी म्हणतात (सायनोनेझल अनडिफरन्शिएटेड कार्सिनोमा, म्हणजे नाक-सायनसमधला, पेशींचं मूळ ओळखू न येणारा कॅन्सर), दुसऱ्यांना ऑल्फॅक्टरी न्यूरोब्लास्टोमाची (नाकातल्या वास ओळखणाऱ्या पेशींच्या थरातून होणाऱ्या कॅन्सरची) शंका आहे. एसएनयूसी हे नाव बाकीचं सगळं वगळल्यावरच देतात, असं डॉक्टरांनी समजावलं. १९८६ साली या आजाराचं वर्णन झालं. तेव्हापासून या नावाखाली मोडणारे काही ट्यूमर आता जनुकांतल्या बदलांवरून वेगळे काढले जातात. त्यासाठी एनयूटी, आयएनआय-१ आणि आयडीएच२ या तपासण्या अजून व्हायच्या आहेत.

नावावर पुढचं सगळं अवलंबून आहे. ऑल्फॅक्टरी न्यूरोब्लास्टोमा असेल तर बहुधा आधी ऑपरेशन, मग रेडिएशन. एसएनयूसी असेल तर आमचे डॉक्टर आधी सिस्प्लॅटिन-इटोपोसाइड केमो देऊन गाठ किती आटते ते बघणार, आणि त्यावरून ऑपरेशन की केमो-रेडिएशन ते ठरवणार.

यातून गेलेल्यांनी कृपया सांगा: दुसऱ्या मतासाठी तुम्ही बायोप्सीच्या फक्त काचेच्या स्लाइड्स पाठवल्या की मेणात जपलेला गाठीचा तुकडा (ब्लॉक) पण? आमचा नमुना लहान आहे, तपासण्यांना पुरला नाही तर पुन्हा बायोप्सी करावी लागेल म्हणतात. तुमच्याकडे तशी वेळ आली होती का? मधल्या काळात पेट (PET) स्कॅन (कॅन्सर शरीरात आणखी कुठे आहे का ते बघणारा), रेडिएशनआधी दातांची तपासणी, सिस्प्लॅटिनआधी ऐकण्याची आणि किडनीची तपासणी उरकून घेतली तर पुढचे दिवस वाचतील का?

आणि सगळ्यात महत्त्वाचं. नाव नक्की व्हायला तुम्ही किती दिवस थांबलात? मला दादाचा डोळा रोज आदल्या दिवसापेक्षा जास्त पुढे आलेला वाटतो. तो विचारतो, "सुरू कधी करायचं?" मला उत्तर देता येत नाही.