मदत हवी आहे: प्रकाशकाच्या करारातले 'सर्व हक्क' कमी कसे करून घ्यावेत?

नमस्कार मंडळी. मी जळगावचा. पुण्यातली कंपनीतली नोकरी 14 वर्षांनी सोडली, आता लेखन हेच काम. पहिली कादंबरी एका प्रकाशकांनी स्वीकारलीय, पण करारावर सही अडकलीय.

कलम 7 म्हणतं, 'छापील, ई-बुक, ऑडिओ, चित्रपट व अनुवादाचे सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे.' बदल्यात एकरकमी 25,000 रुपये, रॉयल्टी नाही. कॉपीराइट कायदा 1957 चं कलम 19 वाचलं. मुदत लिहिलेली नसेल तर 5 वर्षं धरतात, पण इथे 'कायमस्वरूपी' स्पष्ट लिहिलंय, म्हणजे तो आधारही गेला.

ओळखीच्या वकिलांना दाखवला. ते शेतजमिनीचे दावे चालवतात, 'हा माझा विषय नाही' म्हणाले. प्रकाशकांचं उत्तर, 'आमचा नमुना हाच.'

वर्षभराच्या घरखर्चाची सोय आहे, त्यामुळे पैशांची घाई नाही. स्वतः छापायचं नाही, वितरण मला झेपणार नाही. ऑडिओचा हक्क मात्र सोडवत नाही. संवाद अहिराणीत आहेत, ते आपल्या माणसाच्या तोंडूनच ऐकू यायला हवेत.

ज्यांनी असे करार केलेत त्यांना विचारतो: फक्त छापील हक्क, तेही 5 वर्षांसाठी, असं मागितलं तर प्रकाशक ऐकतात का? आणि ते कलम नेमक्या कोणत्या शब्दांत लिहून घ्यावं?