'मुरणे', 'मुरब्बी' आणि मोरांबा: एकाच बरणीतले?

काल रव्याचे लाडू करत होते. पाकात रवा घालून जेमतेम तास झाला होता. वळायला घेतले तर सासूबाई म्हणाल्या, "हात नको लावूस, मुरू दे अजून." तेव्हापासून डोक्यात घोळतंय. मुरब्बी म्हणजे अनुभवात मुरलेला, मोरांबा म्हणजे पाकात मुरलेला आंबा. दोन्ही शब्द 'मुरणे'वरूनच आले असणार ना?

—

वाटतं खरं तसं, पण नाही. मुरब्बी आणि मुरब्बा हे दोन्ही अरबीतले, आपल्याकडे फारसीतून आलेले. मूळ क्रियापद 'रब्बा', म्हणजे सांभाळून वाढवणं. वाढवणारा तो मुरब्बी. ज्याला वाढवलं, जपलं तो मुरब्बा. फळ साखरेत जपलं की झाला मुरब्बा! उर्दूत मुरब्बी म्हणजे आश्रयदाता. गुजरातीत वडीलधाऱ्यांना पत्र लिहिताना 'मुरब्बी श्री' असा मायना असतो. मराठीत मात्र तो 'अनुभवी, पक्का' झाला. माझा अंदाज असा की शेजारी 'मुरणे' बसलेलं होतं, त्याचा वास याला लागला. 'मुरब्बी राजकारणी' म्हणताना आश्रयदाता कुणाला आठवतो?

—

मोरांब्याची गंमत त्याहून जास्त. मुरब्ब्याचा मुरंबा झाला, आणि मराठी कानांना त्यात आंबा ऐकू आला. साखरांबा, गुळांबा होतेच सोबतीला. आंबा वेगळा काढल्यावर हातात 'मोर' उरला. तोही आपण वाया घालवला नाही, आवळ्याला जोडून मोरावळा केला. (आमच्याकडे तरीही 'आवळ्याचा मोरांबा' म्हणतात. चालतं.)

—

व्युत्पत्ती बाजूला ठेवून वापराकडे बघा. कणीक आपण मळतो, तिंबतो, पाक आपण करतो. पण लोणचं 'मुरतं'. तिथे माणूस कर्ता नाही. 'मुरवणे' म्हटलं तरी त्याचा अर्थ 'मुरायला ठेवणे' इतकाच. फोडींना मीठ लावलं की मीठ आतलं पाणी ओढून घेतं, खार सुटतो, मग तोच खार मसाल्यासकट फोडीत शिरतो. यात आपलं काम एवढंच: तेल पूर्ण गार करून घालायचं आणि ओला चमचा बरणीत जाऊ द्यायचा नाही. मला तर हे काही न करणंच जास्त अवघड जातं. दही विरजतं, इडलीचं पीठ आंबतं, त्यांना मुरणं म्हणत नाहीत. तिथे पदार्थ फसफसतो किंवा घट्ट होतो. मुरण्यात बाहेरचं आत जाऊन तिथलंच होतं. म्हणून ताप अंगात मुरतो आणि माणूस धंद्यात मुरतो.

—

आमच्या गवंडीकामातही हा शब्द आहे. कळीचा चुना पाण्यात घातला की उकळ्या फुटतात, त्याला विझवणं म्हणतात. तो लगेच वापरला तर न विझलेले खडे गिलाव्यात राहतात, पुढे फुगतात आणि भिंतीला फोड येतात. म्हणून पाण्याखाली मुरू द्यायचा, जितके दिवस परवडेल तितके. सिमेंटला मात्र आम्ही 'पाणी मारतो'. ते मुरणं नव्हे, रोजचं काम आहे, आणि टाळलं जातं तेही तेच.

—

मग 'पाणी कुठेतरी मुरतंय' यात संशय का? आणि 'पाणी अडवा, पाणी जिरवा' मध्ये जिरवा का, मुरवा का नाही?

—

जिरणं म्हणजे पचणं, 'जीर्ण'शी नातं. जिरलेलं दिसेनासं होतं. म्हणून मस्ती जिरते, मुरत नाही. जमिनीपुरते दोन्ही शब्द चालतात. भिंतीत पाणी मुरतं तेव्हा ते आत राहून भिंत पोखरतं आणि वरून काही कळत नाही. संशय तिथून आला असावा.

—

धन्यवाद सगळ्यांना. लाडवांचं सांगायचं राहिलं. सासूबाईंची नजर चुकवून तासाभरात वळलेले चार ताटात पसरून बसले. उरलेलं मिश्रण तीन तासांनी वळलं, ते लाडू गोल आहेत. पहिले चार मीच खाल्ले.