‘गळी उतरवणे’ की ‘पटवून देणे’?

मुलीला शाळेत एका भाषणावर लिहायचंय म्हणून आम्ही बिल गेट्सचं 2009 चं टेड परिषदेतलं भाषण बघितलं, मलेरियावर बोलता बोलता तो बरणीचं झाकण काढून डास सोडतो आणि म्हणतो हा अनुभव फक्त गरिबांनीच का घ्यावा. तिने लिहिलं, ‘वक्त्याने मुद्दा श्रोत्यांच्या गळी उतरवला’. मला खटकलं. नाक दाबून एरंडेल पाजल्यासारखं वाटतं. ‘पटवून दिला’ कसं वाटतं?

— बरोबर आहे तुमचं. समोरच्याला नको असेल तेव्हा गळी उतरवतात, आणि पटवून द्यायला आकडे, युक्तिवाद लागतो. नुसतं ‘पटवलं’ मात्र लिहू देऊ नका हां, कॉलेजात त्याचा अर्थ वेगळा 😄

— मला दोन्ही नाही पटत. डास सोडल्यावर जरा थांबून तो सांगतो की यांना लागण झालेली नाही, पण तेवढ्या वेळात पुढच्या रांगेतल्यांनी पाय वर घेतले असतील की! तिथे युक्तिवाद कुठाय, ती सरळ प्रचीती. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे.

— आणि गरिबांचं वाक्य म्हणजे टोमणा ना?

— टोमणा बाहेरचा मारतो. हा स्वतःच श्रीमंत, समोर बसलेलेही बहुतेक खाऊनपिऊन सुखी, म्हणजे घरचा आहेर झाला. त्याच भाषणात तो म्हणतो की मलेरियापेक्षा टकलावरच्या औषधांवर जास्त पैसा जातो कारण टक्कल श्रीमंतांना पडतं, ती कोपरखळी. कोपरखळी मारायला शेजारी बसावं लागतं, लांबून नाही मारता येत.

— थोडं अवांतर, तिला मलेरियाऐवजी हिवताप लिहायला सांगा. मलेरिया म्हणजे इटालियनमध्ये वाईट हवा, त्या नावात डासाचा पत्ताच नाही, तो रोनाल्ड रॉस या डॉक्टरला 1897 मध्ये सिकंदराबादला सापडला, डासाच्या पोटात परजीवी बघून. हिवताप म्हटलं की तीन गोधड्या घालूनही वाजणारे दात आठवतात.

— सगळ्यांचे आभार. तिने खोडून ‘मुद्दा श्रोत्यांच्या अंगाशी आणला’ केलंय, चालेल?

— अहो नको! अंगाशी येणं म्हणजे डाव उलटणं. ‘अंगावर सोडला’ लिहा, डासांसकट.