एल्कच्या शिकारीसाठी दुर्बीण: १०×४२ घेऊ की हलकी ८×३२?

डेन्व्हरचा_सातारकर

नमस्कार मंडळी, विषय जरा वेगळा आहे पण इथे दुर्बिणीतले जाणकार बरेच आहेत म्हणून विचारतोय. मी डेन्व्हरला असतो, ऑफिसातल्या मित्राबरोबर यंदा पहिल्यांदाच एल्कच्या (इथलं मोठं हरीण) शिकारीला जाणार आहे, ऑक्टोबरअखेरचा दुसरा रायफल सीझन, इथल्याच कोलोरॅडोतल्या फ्लॅट टॉप्स डोंगरांच्या बाजूला. हंटर एज्युकेशनचा कोर्स झाला, लायसन्स आलं, नारिंगी जॅकेट-टोपी आली, आता अडलंय ते दुर्बिणीपाशी.

मित्र म्हणतो १०×४२ (म्हणजे १० पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिमीचं) शिवाय दुसरं काही बघूच नको. दुकानात घेऊन बघितली, ७०० ग्रॅमच्या आसपास असेल, गळ्यात अडकवून दहा मिनिटं फिरलो तर मान भरून आली. शेजारीच एक ८×३२ होती, ५०० ग्रॅमच्या आसपास, गळ्यात आहे हेच विसरायला होतं. आमचा कॅम्प ९-१० हजार फुटांवर, रोज सात-आठ मैल चढउतार, पाठीवर रायफल, पाणी, गरम कपडे सगळं आधीच आहे. वय ४६, चष्मा आहे, उजवा गुडघा चढावर दुखतो. बजेट ५०० डॉलर, फार तर ६००. हलकी घेतली तर नेमकं काय गमावतो ते कोणी सांगेल का?

भिगवणची_वारी

दादा, मी शिकार करत नाही, पक्षी बघते, पण पहाटेच्या अंधुक उजेडात डोळ्याला लावायची वस्तू तीच असते त्यामुळे सांगते.

पुढच्या भिंगाचा आकडा भागिले मॅग्निफिकेशन केलं की एक्झिट प्युपिल मिळतो, म्हणजे दुर्बिणीतून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाच्या गोलाची रुंदी. हात लांब करून दुर्बीण उजेडाकडे धरा, डोळा लावतो त्या बाजूच्या काचेत एक पांढरा गोल दिसेल, तोच तो. आता हिशोब करा: १०×४२ ला ४.२ मिमी, ८×३२ ला ४ मिमी, ८×४२ ला ५.२५ मिमी. तुम्ही ज्या दोन दुर्बिणींमध्ये अडकलाय त्यांच्यात या बाबतीत फारसा फरकच नाहीये! खरी उजेडाची दुर्बीण तिसरीच आहे आणि ती तुम्ही हातातच घेतली नाही.

तरुणपणी अंधारात आपली बाहुली ७ मिमीपर्यंत उघडते, वय वाढतं तशी कमी उघडते, पन्नाशीच्या जवळपास बऱ्याच जणांची ५ च्या आसपास येते. म्हणजे तुमच्या वयाला ८×४२ चा प्रकाश जवळजवळ पूर्ण डोळ्यात जातो, त्याहून मोठा गोल घेऊन उपयोग नाही. भर दुपारी मात्र बाहुली २-३ मिमीवर येते, तेव्हा तिन्हीतून सारखंच लख्ख दिसेल, म्हणून दुकानातल्या ट्यूबलाइटखाली बघून काहीच कळत नाही.

अजून एक, चढ चढून आल्यावर धाप लागलेली असते. १० पटीत हाताची थरथर पण १० पट दिसते. सिंहगड चढून वर गेल्यावर १० पटीतून शिक्रा बघायचा म्हटला की आधी दोन मिनिटं श्वास सांभाळत उभं राहावं लागायचं, ८ पट घेतल्यापासून तो प्रश्न मिटला. शिवाय ८ पटीत एका नजरेत जास्त भाग दिसतो, झाडीत काही हललं तर पटकन सापडतं.

आयडाहोत_नऊ_वर्षं

वारीताई, हिशोब अगदी बरोबर, पण मी १०×४२ वालाच आहे आणि का ते सांगतो. कोलोरॅडोत बऱ्याच युनिट्समध्ये (शिकारीसाठी आखलेल्या विभागांत) नर एल्क मारायचा तर एका शिंगाला निदान चार फाटे हवेत किंवा कपाळाजवळचा फाटा ५ इंचांचा हवा, नाहीतर तो बेकायदेशीर. हे फाटे ४००-५०० यार्डांवरून मोजायचे असतात, तेही झाडाच्या फांद्यांमधून. तिथे १० पट कामाला येते हे अनुभवाने सांगतो. मात्र हात टेकवून. मी बसतो, कोपर गुडघ्यावर ठेवतो, नाहीतर ट्रेकिंगच्या काठीवर दुर्बीण टेकवतो, उभ्याने १० पट वापरतच नाही.

शिकारीची कायदेशीर वेळ सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापर्यंत. आणि एल्क नेमके त्या दोन अर्ध्या तासांतच कुरणात उतरतात, दिवसभर गर्द झाडीत बसून राहतात. पहिल्या वर्षी मी वजन वाचवायचं म्हणून ८×२५ ची खिशातली दुर्बीण नेली होती. तिसऱ्या संध्याकाळी समोरच्या उतारावर एक नर आला, शिंगं आहेत एवढं दिसत होतं पण फाटे काही केल्या मोजता येईनात, सगळं करड्या रंगात मिसळून गेलेलं. मी ट्रिगरला हात लावला नाही. बरोबर केलं, पण रात्रभर झोप लागली नाही, चार दिवस चाललो त्याच्यासाठी आणि वाचवले किती तर तीन-साडेतीनशे ग्रॅम.

आता वजनाचं. दुकानात मान भरून आली ती दुर्बिणीने नाही, गळ्यातल्या पट्ट्याने. तो पट्टा काढून ठेवा आणि छातीवर बांधायचा हार्नेस घ्या, सगळा भार दोन्ही खांद्यांवर जातो, वाकलं तरी दुर्बीण झोके घेत नाही, दगडावर आपटत नाही. हार्नेसचं स्वतःचं वजन असतं थोडं, पण मला ७०० ग्रॅम छातीवर जाणवत पण नाहीत आता. ग्रॅम वाचवायचे असतील तर पाठीवरची बॅग उघडून बघा, निम्मं सामान कॅम्पवर ठेवता येईल. आणि एल्क मिळालाच तर मांस चार-पाच फेऱ्या करून खाली आणायचंय, दोघं असाल तरी दिवस जातो, खाण्याजोगं मांस टाकून येणं हा तिकडे गुन्हा आहे. गुडघ्याची काळजी त्या फेऱ्यांसाठी करा.

सगळ्यात महत्त्वाचं: दुर्बीण कंटाळून कॅम्पवर ठेवली आणि रायफलच्या स्कोपमधून आजूबाजूला बघितलं असं कधीही करू नका. झाडीत हललं ते माणूस निघालं तर तुम्ही भरलेली बंदूक माणसावर रोखलेली असते. म्हणून माझं मत, जी तुम्ही खरंच दिवसभर अंगावर ठेवाल तीच घ्या, १० असो की ८.

कोकणकडा७२

मला दुर्बिणीतलं कळत नाही, पण आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि इथे मराठी माणूस एल्क मारायची तयारी करतोय हे वाचून बरं नाही वाटलं. राग नाही, खरंच विचारतोय, का?

डेन्व्हरचा_सातारकर

प्रश्न योग्य आहे. मी लहानपणापासून मटण खातो, पण ते जनावर कसं मेलं ते एकदाही बघितलं नाही, ते मला बघायचंय आणि त्याची जबाबदारी घ्यायचीय. इथे एल्कची संख्या देशात सगळ्यात जास्त आहे, किती मारायचे ते राज्याचं वन्यजीव खातं युनिटप्रमाणे ठरवतं, आणि १९३७ च्या कायद्याने बंदुका-गोळ्यांवरचा कर वन्यजीवांच्या कामाला जातो. भारतात असतो तर हा विचारही मनात आणला नसता, तिथली परिस्थिती वेगळी आणि तो कायदा हवाच.

चष्मिष्ट_ट्रेकर

चष्म्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आय रिलीफ (डोळा काचेपासून जितका लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) १६ मिमी किंवा जास्त बघा, नाहीतर चष्मा लावून चित्राच्या कडा दिसत नाहीत, भोकातून बघितल्यासारखं वाटतं. छोट्या ८×३२ मध्ये तो बऱ्याचदा कमी असतो, चष्मेवाल्यांना हा तोटा वजनापेक्षा मोठा आहे. डोळ्याजवळचे रबरी कप पूर्ण आत फिरवून मगच बघा.

बजेटमध्ये: व्होर्टेक्स डायमंडबॅक एचडी ८×४२ किंवा निकॉन मोनार्क एम५ ८×४२, दोन्ही ६००-६५० ग्रॅमच्या आसपास, दोन्ही ५०० च्या आत येतील. व्होर्टेक्सची वॉरंटी आयुष्यभराची आहे. आणि वजनाला हलकी म्हणजे महाग आणि जड म्हणजे स्वस्त असं काही नसतं, स्वारोव्हस्कीची एनएल प्युअर १०×४२ तर ८५० ग्रॅमच्या आसपास आहे, चांगली काच जास्त घातली की वजन येतंच. हलकी आणि उजेडाची दोन्ही हवी तर झाइस एसएफएल ८×४० आहे, ६४० ग्रॅम, पण तिची किंमत तुमच्या बजेटच्या फार पुढे. स्वस्तात मोठा आकडा, म्हणजे १००-१५० डॉलरची १०×५० वगैरे, अजिबात नको, आत कोटिंग साधं असेल तर मोठ्या भिंगातून आलेला प्रकाश वाटेतच वाया जातो.

थंडीत अजून एक, गार दुर्बीण जॅकेटच्या आत ठेवून ऊब देऊ नका, अंगाच्या दमट हवेने गार काचेवर वाफ धरते. बाहेरच राहू द्या.

डेन्व्हरचा_सातारकर

सगळ्यांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी दुकानदाराला विनंती केली, सूर्यास्तानंतर पार्किंगमध्ये तिन्ही घेऊन उभा राहिलो, तो पण बरोबर थांबला बिचारा. रस्त्यापलीकडे सुकलेली झाडं होती, त्यांच्या फांद्या मोजत बसलो. वीस मिनिटांनी ८×३२ मधून बुंधा आणि फांदी वेगळी दिसेना, १०×४२ मध्ये दिसत होती पण माझे हात स्थिर राहीनात, ८×४२ मध्ये अजून फाटे मोजता येत होते आणि चष्म्यासकट कडेपर्यंत दिसत होतं. डायमंडबॅक ८×४२ घेतली, उरलेल्या पैशात हार्नेस.

आयडाहोत_नऊ_वर्षं

छान केलंत. आता महिनाभर रोज हार्नेस घालून फिरायला जा आणि दुर्बीण न बघता हाताने काढायची सवय करा. आणि चार फाट्यांऐवजी तीनच दिसले तर अजून दहा मिनिटं बघत राहा, कधीकधी चौथा मागे लपलेला असतो. तरी नाही दिसला तर सोडून द्या.

भिगवणची_वारी

आणि पहाटे एल्क यायच्या आधी झाडावर क्लार्क्स नटक्रॅकर हा पक्षी दिसला तर इथे येऊन सांगा दादा, करडा, काळ्या पंखांचा, त्या उंचीवर पाइनच्या झाडांवर असतो.