साखळी जीआयची घेतली म्हणजे मजबूत घेतली असं होत नाही

धागाकर्ता:
अंगणातल्या झोपाळ्याची साखळी काल उतरवली. घेताना आरशासारखी चकचकीत होती आणि दुकानात मी फक्त "जीआय आहे ना?" एवढंच विचारलं होतं (जीआय म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड). वरवर बघितलं तर अजूनही बरी दिसते, पण कड्या सरकवून आतली बाजू बघितली, म्हणजे कडीत कडी बसते तिथे, तर जस्त उडून तांबूस खड्डा पडलेला. व्हर्नियर (जाडी मोजायचं माप) लावला, ८ मिमीची कडी तिथे ६.८ भरली. दहा टक्के झिजली की साखळी बदलायची, म्हणजे ७.२ ला आली तेव्हाच काढायला हवी होती आणि त्यावर रोज पोरं बसत होती हो! माझं मत एवढंच की जस्तानं ताकद वाढत नाही, ती येते पोलादाच्या ग्रेडमधून, म्हणजे ताकदीच्या दर्जातून, आणि कडीच्या जाडीतून. आधी ग्रेड विचारा, गंजाचं नंतर.

गंजवैरी:
अजिबात पटलं नाही. ग्रेड कितीही असू दे, गंजानं कडी खाल्ली की ताकद कसली राहते? सरळ ३१६ नंबरचं, गंजाला जास्त टिकणारं स्टेनलेस घ्या आणि मोकळे व्हा.

धागाकर्ता:
स्टेनलेसची कडी पण कडीवर घासून झिजतेच ना. आणि खारं वारं किंवा क्लोरीनचं पाणी असेल तर स्टेनलेसलाही बारीक खड्डे पडतात, ३०४ या साध्या प्रकाराला तर लवकरच. वर लोक स्टेनलेस साखळीला जस्त चढवलेला शॅकल (साखळी अडकवायची यू आकाराची कडी) लावतात, मग ओल आली की शॅकलचं जस्त भराभर संपतं आणि सगळा भार तर त्या एका शॅकलवरच असतो.

जुना फिटर:
मी तर काळी, म्हणजे जस्त न चढवलेली साखळी आणि ग्रीस यावरच ठाम आहे. गंज आला की डोळ्यांना दिसतो, जीआयमध्ये वरचं चकाकतं आणि आतलं कळत नाही, तुमच्याच साखळीचं बघा की.

कारखान्यातला:
फिटरसाहेब, मान राखून सांगतो, हे चुकतंय. ग्रीस पावसानं धुऊन जातं, त्यात धूळ बसली की तीच कानशीसारखी घासते आणि झोपाळ्यावर बसणाऱ्यांचे कपडे खराब होतात ते वेगळंच. जस्ताचं काम वेगळं आहे, ओरखडा पडला तरी आजूबाजूचं जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. रंगाला किंवा ग्रीसला हे जमत नाही.
आणि धागाकर्ते, "आरशासारखी चकचकीत" म्हणालात तिथेच मला शंका आली. ती बहुतेक इलेक्ट्रोप्लेटिंगची, म्हणजे विजेनं जस्त चढवलेली असणार, त्यात जस्ताचा थर साधारण ५ ते १२ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). हॉट डिपमध्ये साखळी ४५० अंशांच्या आसपास वितळलेल्या जस्तात बुडवतात, थर ५० मायक्रॉन किंवा वर बसतो आणि जस्त लोखंडात मिसळून मधे कठीण पापुद्रा तयार होतो. बाहेर टांगायची असेल तर हॉट डिपच. हाताला जरा खरबरीत लागते, कुठे जस्ताचा थेंब गोठलेला दिसतो, तीच खूण.

धागाकर्ता:
हे मान्य, प्लेटिंग की हॉट डिप हे मी विचारलंच नव्हतं. पण ग्रेडचा मुद्दा सोडत नाही. ग्रेड ३० म्हणजे तुटताना दर चौरस मिमीला ३०० न्यूटन. ८ मिमीच्या कडीच्या दोन्ही बाजू धरून १०० चौ. मिमी होतात, म्हणजे साधारण ३ टनांना तुटणार, चौपट सुरक्षा धरली की पाऊण टन वापरायचे. झोपाळ्याला भरपूर झाले, पण ते नव्या कडीचे. आणि ज्या साखळीवर ग्रेडचा शिक्काच नाही तिच्यावर कुठलं गणित करणार?

गंजवैरी:
मग ग्रेड ८० घेऊन वरून गॅल्वनाइझ करून, म्हणजे हॉट डिपनं जस्त चढवून आणली तर? दोन्ही मिळेल.

कारखान्यातला:
नका हो, खरंच नका करू. गॅल्वनाइझच्या आधी ॲसिडमध्ये धुतात, त्यातला हायड्रोजन अशा कडक पोलादात शिरतो आणि ते ठिसूळ होतं. मग साखळी आधी ताणली जात नाही, वाकत नाही, एकदम काडकन तुटते. माल उचलायची ग्रेड ८० आहे तशीच वापरतात.

जुना फिटर:
ग्रीसबद्दल माझं मत बदललेलं नाही. पण कड्या सरकवून आत बघायचं हे काळीला पण लागू आहे, ते मी गृहीत धरत होतो. माझी परवा उतरवतो.