कायझनमुळे कमी झालेल्या माणसाचं पुढे काय? वाळूज-शेंद्र्याच्या लोकांनी बोलावं

बी_शिफ्ट_वाळूज

संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा एमआयडीसीत, मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या कुठल्याही व्हेंडर कंपनीत जा, कायझनचा, म्हणजे कामगारांनी सुचवलेल्या लहान लहान सुधारणांचा, बोर्ड दिसणारच. आधीचा फोटो, नंतरचा फोटो, खाली वाचलेले सेकंद. ते सेकंद पुढे कोणाच्या खिशात गेले, हे मात्र बोर्डावर नसतं.

आमच्या प्रेस शॉपमध्ये ब्रॅकेटच्या लाईनवर दोन प्रेसच्या मध्ये एक हेल्पर होता. इकडचा माल उचलून तिकडं द्यायचा. त्यानंच सुचवलं की मध्ये पत्र्याची उतरती घसरण लावा, माल आपोआप जाईल. लावली, झकास चालली. शीटवर नाव आलं, टाळ्या वाजल्या, टिफिनचा डबा बक्षीस मिळाला. पुढच्या महिन्यात ठेकेदारानं त्याला गरज नाही म्हणून कळवलं. गंगापूर तालुक्यातला पोरगा, घरी थोडी कोरडवाहू जमीन. तेव्हापासून आमच्याकडे सुचवण्या येतात त्या पाटी लावा, पट्टा मारा एवढ्याच. कामाची गोष्ट कोणी तोंडातून काढत नाही. सुचवणीमुळे कोणाचं काम जाणार नाही हे लेखी मिळेपर्यंत कामगारांनी कायझन देऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

प्लॅनिंग_डेस्क

दादा, त्या पोराचं झालं ते वाईटच झालं. पण ‘देऊच नये’ हे पटत नाही. मोठी कंपनी दरवर्षी भाव कमी करून मागते. पत्र्याचा दर आपल्या हातात नाही, विजेचा नाही. हातात राहतो तो वाया जाणारा वेळ आणि रिजेक्शन. तेही कमी केलं नाही तर ऑर्डर चाकणला जाईल, मग एक हेल्पर नाही, अख्खी शिफ्ट घरी बसेल.

डाय चेंजचंच घ्या, म्हणजे प्रेसवरचा साचा बदलणं. जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी टोयोटात १००० टनी प्रेसचे चार तास आधी दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आणले. आमची मजल तिथवर नाही. पण पुढची डाय प्रेस चालू असतानाच ट्रॉलीवर आणून ठेवायची, सगळ्या डायना एकाच मापाचे बोल्ट, ट्रॉलीची उंची बेडइतकी, एवढ्यावर आमचा वेळ निम्म्याच्या खाली आला. पूर्वी एकदा डाय चढली की आठवड्याचा माल काढून ठेवायचे, आणि बर (पत्र्याच्या कडेला राहिलेली धार) निघाली की सगळा ढीग रिवर्कला. आता लहान लॉट निघतो, चूक त्याच शिफ्टमध्ये सापडते. यात एकही माणूस कमी झाला नाही.

सीएनसी_फिटर

माणूस कमी झाला नाही, पण टारगेट वाढलं का नाही, ते सांगा की साहेब. आमच्याकडं तर लगेच वाढलं. पाणी प्यायला जायचं तर बदली माणूस शोधावा लागायलाय.

टोयोटाचं नाव घेता तर पूर्ण घ्या. १९५० मध्ये तिथं कपात झाली, मोठा संप झाला, कंपनीचे संस्थापक किइचिरो तोयोदांना अध्यक्षपद सोडावं लागलं. सुचवणी योजना आली १९५१ मध्ये. १९६२ मध्ये युनियन आणि व्यवस्थापनानं परस्परविश्वासाचा संयुक्त जाहीरनामा केला. लाईनवरच्या माणसाला दोरी ओढून लाईन थांबवायचा अधिकार तिथं आहे. आपल्याकडं दोरी बसवली, पण ओढली की सुपरवायझर अंगावर येतो. बोर्ड आणले, भरवसा आणलाच नाही.

प्लॅनिंग_डेस्क

टोयोटातही मुदतीवरचे कामगार आहेत, त्यांना नोकरीची हमी नाही. हेही पूर्ण घ्यायला हवं.

कोटिंग_शॉप

मी दोघांच्याही विरोधात आहे. तुम्ही सगळे सेकंदांतच अडकलात. मराठवाड्यात आधी पाणी मोजा. २०१६ चा उन्हाळा आठवा. लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, खंडपीठाच्या आदेशानं इकडच्या कारखान्यांचं पाणी कापलं. आमच्याकडं फॉस्फेटिंगनंतर (रंगाआधी पार्टवर रसायनाचा थर देतात ते) धुण्याच्या तीन टाक्या, तिन्हींत ताजं पाणी सोडायचो. एका जुन्या ऑपरेटरनं सांगितलं, ताजं फक्त शेवटच्या टाकीत सोडा, तिथलं ओसंडलेलं मधल्या टाकीत, तिथलं पहिल्या टाकीत. माल पुढं, पाणी मागं. पाण्याचा खर्च एकदम खाली आला, पार्टवर डागही नाहीत. हे सुचवायचं नाही म्हणता? जायकवाडीत पाणी नसलं की ठेक्यावरचा आणि पर्मनंट दोघंही घरीच बसतात.

बी_शिफ्ट_वाळूज

पाण्याचं कायझन जरूर द्या, त्याला माझा विरोध नाही. त्यात कोणाचं पोट जात नाही. माझा आक्षेप माणूस कमी करणाऱ्या सुचवणीला आहे. प्लॅनिंगवाले साहेब, तुमच्याकडं कोणी गेला नाही म्हणता, तर मग ते कागदावर द्यायला काय अडचण आहे?

प्लॅनिंग_डेस्क

अडचण खरी आहे. पुढच्या वर्षी ऑर्डर किती येईल ते मलाच माहीत नसतं, मग ठेक्यावरच्या प्रत्येकाची हमी मी कशावर देऊ? पण सुचवणाऱ्याला किमान वर्षभर काढायचं नाही, दुसऱ्या लाईनवर शिकवून घ्यायचं, ठेकेदाराच्या करारातच हे कलम टाकायचं, एवढं करता येतं. पुढच्या करारावेळी मी मांडणार आहे.

सीएनसी_फिटर

वर्षभर कमी पडतं. आणि टारगेटचं उत्तर अजून आलं नाही. वाचलेल्या वेळातला निम्मा तरी विश्रांतीला द्या, ते कलमही त्याच करारात टाका.