लादीचं रिपीट नजरेने मोजणाऱ्यांनो, जरा थांबा

पिक्सेलपंत: काल एकाने इथे ज्ञान पाजळलं: "चाळीतल्या लादीचा फोटो घ्या, एक चौकोन क्रॉप करा, पॅटर्न तयार. रिपीट मोजायला टूल नाही, डोळे लागतात." वाचून डोकंच फिरलं. अहो, रिपीट म्हणजे नक्षी जितक्या अंतराने पुन्हा सुरू होते ते अंतर. आपली जुनी लादी 8 इंचांची. एकीवर पाव फूल, चार लाद्या फिरवून बसवल्या की अख्खं फूल. म्हणजे रिपीट 16 इंचांचं! एक चौकोन कापलात तर फुलं नाहीत, नुसत्या पाकळ्या मिळतील.

आधी फोटोचा पर्स्पेक्टिव्ह सरळ करा. मग फोटोशॉपमध्ये लेअरची कॉपी, ब्लेंड मोड डिफरन्स (दोन लेअरमधला फरक तेवढा दाखवतो), आणि मूव्ह टूलने वरचा लेअर बाणाच्या कीने सरकवत न्या. शिफ्ट दाबलं तर 10 पिक्सेल, नाहीतर 1. जुळलं की चित्र काळं पडतं. 8 इंचांवर फक्त किनार काळी होते, तिथेच फसू नका.

गिरगावचा_मी: "एकाने" म्हणजे मीच. नाव घ्यायला लाजू नका. तुमचं ते डिफरन्स करून पाहिलं. पूर्ण काळं होतच नाही. झालं समाधान?

पिक्सेलपंत: होणारच नाही. लादीचा रंग दाराशी पाय घासून झिजलेला. सगळ्यात काळी जागा धरायची.

काळाचौकीची_लेक: दारावरून आठवलं. आमची लादी आई शनिवारी रॉकेलच्या बोळ्याने पुसायची, तोंड दिसायचं तिच्यात. रिडेव्हलपमेंटला बिल्डरच्या माणसाने घणाने फोडली आणि डेब्रिजमध्ये टाकली. एक तरी द्या म्हटलं, तर हसला. आता व्हिट्रिफाइडवर पावसाळ्यात घसरतोय सगळे.

गिरगावचा_मी: अगदी! आमच्याकडे तर लादीवरच नवीन टाइल चिकटवली. खाली सगळं शाबूत आहे, पण बघता येत नाही.

सातवा_मजला: चाळीचे उमाळे पुरे. कॉमन संडासाची रांग विसरलात? मी नाही विसरलो.

काळाचौकीची_लेक: रांगेत लादीचा काय दोष होता? तुमचा फ्लॅट त्याच जमिनीवर उभा असेल, खिडकीतून बघा एकदा.

सातवा_मजला: पर्सनल होऊ नका, ताई.

कापडवाला: भांडण झालं असेल तर मुद्द्यावर येऊ? कापडाच्या रोटरी प्रिंटिंगला (फिरत्या रोलरने छपाई) आमचं रिपीट साधारण 64 सेंटीमीटरला बसवावं लागतं, रोलरचा घेरच तेवढा. तिथे नजर चालत नाही. आणि एक रिपीट मोजूच नका, पाच मोजून भागा. चूक पाचपट कमी होते. हाफ-ड्रॉप असेल तर नुसतं आडवं मोजून भागणार नाही, शेजारची उभी रांग अर्ध्या रिपीटने खाली सरकलेली असते.

गिरगावचा_मी: मोजलं बाबांनो. पाच रिपीट 1067 पिक्सेल, म्हणजे 213.4. माझ्या डोळ्यांनी 209 सांगितलं होतं. खूश?

पिक्सेलपंत: 😄 आता .4 ची कटकट नको असेल तर फोटो किंचित लहान करून ते पाच रिपीट 1065 वर आणा, सरळ 213 मिळेल. पण तुम्ही क्रॉप केलेला तुकडा दाराजवळचा दिसतोय. ती झीज प्रत्येक 213 पिक्सेलला उमटेल.

गिरगावचा_मी: उमटू दे. आमचंच दार आहे.